मेणबत्ती विझली, आता काय होईल?

मागच्या अंकात क्रुसाच्या खुणेविषयी लिहिलं आणि त्यानंतरच्या पत्रांचा रोख मेणबत्तीकडे वळला. त्यात कॅथलिक नसलेल्या वाचकांची पत्रं जास्त. मी वसईची. आमच्या देवळाच्या साक्रिस्टीत, म्हणजे आल्तारामागच्या (वेदीमागच्या) तयारीच्या खोलीत, वर्षानुवर्षं काम करते आहे, त्यामुळे मेणबत्ती ही माझ्या रोजच्या हाताखालची वस्तू. (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, तेव्हा पुढे 'देऊळ' वाचून गोंधळू नका.)

प्रश्न : मी साताऱ्याची. कामानिमित्त मुंबईला गेले होते, तेव्हा मैत्रिणीबरोबर वांद्र्याला माउंट मेरीला गेले. माझ्या आईचं बायपासचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. बाहेर मूर्तीसमोर तिच्या नावाने मेणबत्ती लावली आणि हात जोडते तोच ती विझली. मैत्रीण म्हणाली, असं काही नसतं. पण तेव्हापासून झोप लागत नाही. हा अपशकुन असतो का? आणि आम्ही हिंदू, लावली हेच चुकलं का?

उत्तर : ताई, अपशकुन मुळीच नाही, आणि चुकलंही काही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आईच्या ऑपरेशनच्या तोंडावर घरातल्या माणसाने रात्र रात्र जागून काढणं परवडणारं नाही.

माउंट मेरी टेकडीवर आहे आणि खाली समुद्र. आमची जुनी माणसं तिला 'मोत मावली' म्हणतात. तिथे उघड्यावर लावलेली मेणबत्ती विझते ती वाऱ्याने. नेहमी जाणारी बाई ती शेजारच्या ज्योतीवर पुन्हा पेटवते आणि प्रार्थनेला लागते. पेटवायची कशी, तेही सांगते : पेटलेली मेणबत्ती जागेवरून हलवायची नाही, विझलेली तिरकी करून तिच्या ज्योतीला लावायची. म्हणजे दुसऱ्याचं मेण सांडत नाही आणि आपला हात भाजत नाही.

ज्योतीवरून पुढचं भाकीत करावं, असं ख्रिस्तसभेने (कॅथलिक चर्चने) कधी शिकवलेलं नाही. उलट 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात 2111 क्रमांकाचा परिच्छेद आहे. प्रार्थनेचं किंवा पवित्र खुणांचं फळ नुसत्या बाहेरच्या कृतीवर अवलंबून आहे असं मानणं आणि मनातल्या भावाकडे पाठ फिरवणं, याला तिथे सरळ अंधश्रद्धा म्हटलं आहे. मेणबत्ती पुरती जळाली म्हणून नवस फळला, मध्येच विझली म्हणून बुडाला, असला हिशेब करायला त्यात जागाच नाही.

मग ती लावायची तरी कशाला, असं तुम्ही विचाराल. आपण देवळात दहा मिनिटं थांबतो आणि मग लोकल गाठायची असते. आईची काळजी काही दहा मिनिटांत संपत नाही. ती काळजी मावलीच्या पायाशी ठेवून निघताना मागे सोडलेली खूण म्हणजे मेणबत्ती. फ्रान्समध्ये लूर्दला यात्रेकरू मोठमोठ्या मेणबत्त्या ठेवून आपापल्या देशी परततात, आणि त्यातल्या कितीतरी तिथले सेवक मागाहून, गर्दी ओसरल्यावर पेटवतात. ज्याने ठेवली तो तेव्हा हजारो मैल दूर असतो. त्याची प्रार्थना तेवढ्यासाठी थांबून राहिली, असं कुणी मानत नाही. तुमची प्रार्थना हात जोडले त्या क्षणीच पोचली आहे.

आता हिंदू असण्याबद्दल. आठ सप्टेंबर हा येशूची आई मरिया हिचा जन्मदिन. त्याला जोडून येणाऱ्या रविवारी मोत मावलीचा सण होतो आणि पुढे आठवडाभर जत्रा भरते. त्या रांगेत कोण कुठल्या धर्माचं, हे कुणी विचारत नाही. माहीमच्या सेंट मायकल देवळात 8 सप्टेंबर 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना नावाची मरियेची प्रार्थना चालते. तिथेही हिंदू, मुसलमान, पारशी सगळे मेणबत्त्या घेऊन उभे असतात. परमप्रसाद, म्हणजे उपासनेत अर्पण झालेली भाकर, तेवढा कॅथलिकांनीच घ्यायचा असतो, त्या रांगेत उभं राहू नये. मेणबत्ती मात्र सगळ्यांची.

मला स्वतःला मेणबत्तीच्या स्टँडपाशी भीती दिसली की वाईट वाटतं. माणूस मुळात घाबरलेला म्हणूनच तिथे आलेला असतो. त्याने आणखी एक भीती घेऊन परत जाऊ नये. तुम्ही आईचं नाव लिहिलं नाहीत, तरी रविवारच्या मिस्सेत, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, 'साताऱ्याची आई' म्हणून मी प्रार्थना मागणार आहे. ऑपरेशन झालं की दोन ओळी कळवा.

प्रश्न : मी नागपूरला कॉलेजात शिकतो. मित्राच्या बहिणीच्या लग्नासाठी चर्चमध्ये गेलो होतो. भर दुपार, ट्यूबलाइट, पंखे सगळं चालू, तरी वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. मग त्यांचा उपयोग काय? आणि बाजूला एक लाल दिवा होता. तो कधीच विझवत नाहीत असं मित्र म्हणाला. का?

उत्तर : तुमचा प्रश्न सोळाशे वर्षं जुना आहे. विजिलान्तियस नावाच्या एका धर्मगुरूने हाच आक्षेप घेतला होता : लख्ख ऊन पडलेलं असताना मेणाच्या ढिगाला आग कशाला लावता? त्याला धर्मपंडित संत जेरोम यांनी 406 साली बेथलेहेमहून उत्तर लिहिलं. पूर्वेकडच्या देवळांत शुभवर्तमान (बायबलमधला येशूचरित्राचा भाग) वाचायच्या वेळी सूर्य तळपत असतानाही दिवे लावतात, आणि ते अंधार घालवायला नसून आनंद दाखवायला असतात, असं त्यांनी सांगितलं. जेरोम यांची लेखणी भलतीच तिखट होती. त्या उत्तरातला सूर मला पटत नाही, मुद्दा मात्र अजून खणखणीत आहे.

आजचा नियम असा : मिस्सेच्या वेळी आल्तारावर किंवा आल्ताराशेजारी किमान दोन मेणबत्त्या पेटलेल्या हव्यात. रविवारी किंवा सणाला चार किंवा सहा चालतात, आणि धर्मप्रांताचे बिशप स्वतः मिस्सा अर्पण करत असतील तर सात. मेणबत्तीच हवी असंही नाही. 1969 साली रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा गोष्टींना मान्यता दिली, त्यात मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा वापरायची मुभा होती. म्हणून काही देवळांत तुम्हाला आल्तारापाशी समई दिसेल. आमच्याकडेही मोठ्या सणाला समई लावतात, आणि तिच्या वाती वळायला वाडीतल्या म्हाताऱ्या हौसेने येऊन बसतात.

लाल दिव्याचं कारण वेगळं. मिस्सेत अर्पण झालेला परमप्रसाद उरला की तो एका बंद पेटीत जपून ठेवतात, आजाऱ्यांना घरी नेऊन देता यावा म्हणून आणि भक्तांना त्याच्यासमोर बसून प्रार्थना करता यावी म्हणून. त्यात ख्रिस्त स्वतः हजर आहे, अशी आमची श्रद्धा. तो तिथे आहे हे दाखवायला पेटीजवळचा दिवा अखंड तेवत ठेवायचा, असं ख्रिस्तसभेचा कायदाच सांगतो. काच लाल असावी ही नुसती रूढी आहे, पांढरीही चालते. तेव्हा देवळात शिरलात आणि आल्तार रिकामा, माणूस एकही नाही, पण दिवा तेवतोय, तर कॅथलिक माणूस गुडघा का टेकतो ते आता तुमच्या लक्षात येईल.

तो दिवा वर्षातून एकदा मुद्दाम विझतो. पवित्र गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या, संध्याकाळच्या मिस्सेनंतर परमप्रसाद दुसरीकडे हलवतात, पेटी त्याआधीच रिकामी केलेली असते, तिचं दार उघडं टाकतात. आल्तारावरची वस्त्रं, क्रूस, मेणबत्त्या, सगळं उतरवतात. हे उतरवायचं काम आम्हा साक्रिस्टीवाल्यांचं. शुक्रवारी येशूच्या मरणाच्या स्मरणविधीला आल्तार उघडा दगड राहतो. लहान मुलंसुद्धा त्या दिवशी आवाज खाली ठेवतात, त्यांना कुणी दटावावं लागत नाही.

आणि मग शनिवारची रात्र! दर नाताळला चर्च बघायला येणाऱ्या माझ्या हिंदू मैत्रिणींना मी नेहमी सांगते, एकदा ही रात्र बघायला या. देवळातले सगळे दिवे बंद. बाहेर अंगणात शेगडीत नवा विस्तव पेटवतात. पास्काच्या म्हणजे ईस्टरच्या मेणबत्तीवर फादर टोकदार सळईने क्रूस कोरतात, वर ग्रीक अक्षर आल्फा, खाली ओमेगा, आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. काल आणि आज, आरंभ आणि अंत, सगळा काळ ख्रिस्ताचा, असे शब्द म्हणत म्हणत हे कोरतात. क्रुसाच्या दोन्ही टोकांना, वर-खाली आणि मध्ये असे धुपाचे पाच खडे मेणात रोवतात, त्या येशूच्या पाच जखमा. मग नव्या विस्तवावर ती मेणबत्ती पेटते आणि काळोख्या देवळात तेवढी एकच ज्योत शिरते. 'ख्रिस्ताचा प्रकाश' असा पुकारा तीनदा होतो. वाटेत भक्तांच्या मेणबत्त्या तिच्यावरून पेटत जातात, एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि बघता बघता समोरच्याचा चेहरा दिसू लागतो. त्यानंतर जे लांबलचक स्तुतिगान होतं, त्यात मेण देणाऱ्या मधमाश्यांच्या कष्टाचंही नाव घेतात. उपासनेत माशीची आठवण ठेवणारा हा भाग मला फार प्रिय आहे.

(गळणारं मेण अडवायला मेणबत्तीत घालायच्या पुठ्ठ्याच्या चकत्या त्या रात्री पुरेशा आहेत ना, याची चिंता साक्रिस्टीला दहा दिवस आधीपासून असते. मेण पदरावर गळलं की इस्त्रीखाली टिपकागद ठेवून काढा, नखाने खरवडू नका.)

पुनरुत्थानाच्या सणापासून पन्नास दिवस ही मोठी मेणबत्ती आल्ताराजवळ असते, मग बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी जाते. बाळाची छोटी मेणबत्ती तिच्यावरूनच पेटवतात. माणूस गेला की त्याच्या शवपेटीजवळही तीच आणून उभी करतात. 'मी जगाचा प्रकाश आहे' हे योहानाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वाक्य. ते आमच्याकडे असं बाळपणापासून शेवटापर्यंत माणसासोबत चालतं.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या देवळात, मरियेच्या मूर्तीसमोर नाणं टाकलं की लागणारे विजेचे दिवे बसवायचं चाललं आहे. भिंती काळ्या होतात, आगीची भीती, ही कारणं देतात. माझे वडील फार नाराज आहेत. नियम काय आहे? (एक कॅथलिक वाचक, वसई तालुका)

उत्तर : आल्तारावर खरी ज्योत हवी, परमप्रसादाचा दिवा तेलाचा किंवा मेणाचा हवा. पास्काच्या मेणबत्तीबद्दल तर 1988 च्या रोमच्या पत्रात स्पष्ट आहे : मेणाची, दर वर्षी नवी, एकच, चांगली मोठी, आणि कधीही बनावट नको. मूर्तीसमोरच्या भक्तांच्या मेणबत्त्यांचा निर्णय मात्र देवळाच्या पातळीवर होतो.

काजळीचं कारण खोटं नाही. बाजारातल्या स्वस्त मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात, वात जाड, धूर जास्त. जुन्या लाकडी आल्तारावरचा सोनेरी वर्ख त्याने काळवंडतो आणि तो पुसता येत नाही, वर्खच निघतो. तरीही मी तुमच्या वडिलांच्या बाजूची आहे. मेणबत्ती जळताना कमी होत जाते, आपण दिलेलं काहीतरी खरोखर खर्ची पडतं. बटण दाबून लागलेल्या दिव्यात तसं काही जात नाही. वाद न घालता एक सुचवून पाहा : स्टँड बाहेर, छपराखाली हलवा, खाली वाळूचा पत्र्याचा ट्रे ठेवा, आणि देवळानेच बारीक वातीच्या छोट्या मेणबत्त्या विकायला ठेवाव्यात. भिंतही वाचेल आणि वडीलही येतील. पण त्यांना जिना चढवत नसेल तर स्टँड पायऱ्यांच्या खालीच ठेवा, हे बैठकीत आधी बोला. म्हाताऱ्यांचा विचार शेवटी होतो, असा अनुभव आहे.

प्रश्न : माउंट मेरीबाहेर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकत मिळतात. ते पेटवतात का?

उत्तर : नाही, ते वाहायचे असतात. पाय दुखत असेल तर पाय, मूल हवं असेल तर बाळ, स्वतःचं घर हवं तर घर. जुन्या गोव्यात 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणालाही असे अवयव मिळतात. पोर्तुगालमधल्या फातिमा या तीर्थस्थळी मात्र लोक ते मेणबत्त्यांबरोबर आगीत टाकतात. आकृती विकत घेतली नाही म्हणून प्रार्थनेत काही उणं राहत नाही, विक्रेत्याने गळ घातली तरी.

प्रश्न : शेजारच्या काकूंनी 2 फेब्रुवारीला चर्चमधून आणलेली मेणबत्ती आम्हाला दिली. तिचं काय करायचं? उरलेला तुकडा टाकला तर चालेल का? (पालघर)

उत्तर : 2 फेब्रुवारी हा बाळ येशूला मंदिरात अर्पण केल्याचा सण. त्या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. आमच्या घरांत ती कपाटात जपून ठेवतात आणि कुणी फार आजारी असलं, वादळ सुटलं किंवा घरात प्रार्थनेला बसायचं असलं की लावतात. तुम्हीही प्रार्थनेच्या वेळी लावा. वाढदिवसाच्या केकवर तेवढी नको. आशीर्वाद दिलेली वस्तू आम्ही कचऱ्यात टाकत नाही, तुकडा जाळून संपवावा किंवा झाडाच्या मुळाशी पुरावा. नाहीतर काकूंकडे परत द्या. देवळाच्या साक्रिस्टीत तुकड्यांसाठी एक डबा असतो, त्या तिथे नेऊन टाकतील.