क्लिपलेस पेडल: चढावर सायकल अडली की पाय का सुटत नाही

तुमचा प्रश्न असा: शिमानोचे एसपीडी, म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेली धातूची क्लीट ज्यात खटकन अडकते असे क्लिपलेस पेडल लावले, सपाट रस्त्यावर पाय बिनचूक सुटतो, पण दगडधोंड्यांच्या चढावर सायकल अडली की पाय अडकून राहतो आणि तुम्ही आडवे होता. तर क्लीट धरून ठेवणारी पेडलची स्प्रिंग आणखी सैल करावी, की पाय नुसता टेकवायच्या साध्या फ्लॅट पेडलवर सरळ परत जावं?

नुसती स्प्रिंग सैल करून फार फरक पडेल असं मला वाटत नाही. रस्त्यावर कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवता, चढावर ते दगड ठरवतो. तुम्ही शेवटपर्यंत जोर लावत राहता, वेग संपतो आणि मग पाय सोडायचं सुचतं. तोवर तोल गेलेला असतो, आणि घाईत टाच बाहेर फिरवायची सोडून पाय वर ओढला जातो. वर ओढून साधी क्लीट सुटत नाही, ती तशीच बनवलेली असते. त्यामुळे टाच फिरवायची वेळ आधीची आहे: पुढचा दगड पार होणार नाही अशी शंका आली, तेव्हाच. पाय सुटला म्हणजे चढ सोडला असंही नाही. चवड्याऐवजी तळव्याचा मधला भाग पेडलवर टेकवून दोन-चार फेऱ्या आरामात मारता येतात. दगड पार झाला की परत क्लिप करा.

कुठला पाय सोडता तेही बघा. बहुतेकांचा एक पाय ठरलेला असतो आणि सराव त्याच पायाचा होतो. पायवाट डोंगराच्या कडेने जात असेल आणि तुम्ही दरीकडचा पाय सोडलात, तर तिकडे जमीन इतकी खाली असते की पाय टेकतच नाही. सोडायचा तो डोंगराकडचा पाय, मग तो डावा असो की उजवा. शिवाय पेडल खाली असताना टाच सहज फिरते. पेडल वर आणि गुडघा दुमडलेला असला की तीच हालचाल अवघड होते.

सराव गवतावर करा, सीट नेहमीपेक्षा खाली घेऊन. भिंतीला धरून टाच फिरवायचा सराव तुमचा झालेलाच असणार, त्याचा आता उपयोग नाही. तुम्हाला सायकल अडण्याचा सराव हवाय. गवताचा हलका चढ शोधा, मुद्दाम जड गिअर टाका आणि सायकल दमून थांबेपर्यंत चढवा. थांबायच्या जरा आधी एक पाय सोडा, पुढच्या वेळी दुसरा. सोडलेल्या पायाकडे अंगाचा भार झुकलाच पाहिजे. उजवा पाय सोडून डावीकडे पडणारे खूप पाहिलेत. मग त्याच चढावर थांबल्या जागेवरून परत निघायचा सराव करा: एक पाय क्लिप केलेला, दुसरा नुसता टेकवलेला, अर्धी फेरी जोरात, आणि सायकल चालायला लागल्यावरच दुसरी क्लीट शोधायची. ती शोधताना खाली बघू नका.

हे सगळं करण्याआधी मात्र बूट उलटा करून नीट बघा. क्लीटचे दोन्ही स्क्रू ४ मिमी ॲलन कीने तपासा. त्यातला एक ढिला झाला किंवा पडला, की टाच फिरवल्यावर बूट फिरतो पण क्लीट पेडलमध्ये जागच्या जागीच राहते. अशा वेळी कितीही पिळा, पाय सुटत नाही. बुटाचा पट्टा सोडून पायच बुटातून बाहेर काढावा लागतो. स्क्रूच्या आट्यांना थोडं ग्रीस लावून पक्के आवळा. दुसरी गोष्ट क्लीटच्या बाजूच्या रबरी दात्यांची. नव्या बुटांत ते कधी कधी पेडलच्या अंगाला घासतात आणि स्प्रिंग सैल असूनही पाय जड सुटतो. घासल्याच्या खुणा दिसल्या तर तेवढं रबर कटरने थोडं थोडं छाटा, किंवा क्लीटखाली पातळ चकती टाका.

स्प्रिंगचा स्क्रू बहुतेक मॉडेलांत ३ मिमी ॲलन कीचा असतो. पेडलला दोन बाजू, म्हणजे एकूण चार स्क्रू. चारही सारखे ठेवा, नाहीतर कधी सहज सुटेल, कधी नाही, आणि दोष पायाला लागेल. पार टोकापर्यंत सैल करायची गरज नाही. उतारावर खडखडाटात पाय आपोआप सुटणं हे अडकण्याइतकंच वाईट.

पेडलसोबत बहुधा एसएच-५१ क्लीट येते, ती टाच फिरवूनच सुटते. एसएच-५६ इतर दिशांनीही सुटते, जोरात वर ओढलं तरी. शिकताना ती लावायला माझी हरकत नाही, पण सायकल उडवताना पाय अवचित सुटू शकतो. सवय झाली की बदलाच.

क्लीट बसवताना ती चवड्याच्या फुगीर भागाखाली, किंवा त्याहून किंचित टाचेकडे ठेवा. उतारावर उभं राहायला बरं पडतं. चालताना तुमची पावलं जेवढी बाहेर वळतात तेवढाच कोन क्लीटला द्या. गुडघा दुखायला लागला तर आधी हा कोन तपासा, मग सीटची उंची.

फ्लॅट पेडलचं म्हणाल, तर तिकडे परत जाण्यात कमीपणा काहीच नाही. माउंटन बाइक रेसर सॅम हिलने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही शर्यतींची मालिका फ्लॅट पेडलवरच जिंकली. क्लिपलेसवर पाय बांधलेले असल्याने मागचं चाक नुसतं ओढून उचलायची सवय लागते. फ्लॅटवर ते टाचा-चवड्यांच्या तंत्रानेच उचलावं लागतं. खडबडीत वाटेवर पाय न उडता पेडल मारत राहता येतं, हा क्लिपलेसचा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा. तो तुम्हाला हवा असेल तर टिकून राहा. पण पडण्याच्या धास्तीने चढ सुरू होताच अंग आखडत असेल, तर महिनाभर फ्लॅट लावा आणि क्लिपलेसचा सराव तेवढा गवतावर चालू ठेवा.

चिखलाच्या दिवसांत क्लिप करण्याआधी बूट पेडलवर दोनदा आपटा आणि खाचेत खडा अडकलाय का बघत जा. क्लीटच्या कडा झिजून गोल झाल्या की नवीन घ्या.