गरोदरपणात उठताना अंधारी येते, उभे राहिल्यावर भोवळ येते, काय करावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पाचवा महिना चालू आहे, कापडाच्या दुकानात दिवसभर उभे राहून काम असते, खाली बसून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, गेल्या आठवड्यात तर गिऱ्हाइकासमोरच भोवळ येऊन तुम्हाला कापडाच्या गठ्ठ्यावर बसावे लागले, आणि घरची मंडळी म्हणतात की पहिलटकरणीला असे होतच असते. यातून बाळाला काही होईल का आणि काम सोडावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी दोन बाळंतपणे झाली आणि दोन्ही वेळा मला चक्कर येत होती, परंतु दोन्ही वेळचे कारण निराळे होते. त्यातले एक कारण ‘होतच असते’ असे म्हणत मी जवळजवळ दोन महिने अंगावर काढले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते आहे.

घरच्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. दिवस राहिल्यावर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, शिवाय वारेकडे बरेचसे रक्त वळते, आणि त्यामुळे रक्तदाब पहिल्या महिन्यांपासून हळूहळू उतरत जाऊन साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात सर्वांत खाली येतो. शेवटच्या महिन्यांत तो पुन्हा पूर्वीच्या जागी जातो. तुम्ही सध्या नेमक्या त्या उतारावर आहात. अशा वेळी बसलेली बाई झटकन उठली किंवा एकाच जागी खूप वेळ उभी राहिली, की रक्त पायांत साचते, मेंदूकडे क्षणभर कमी पोहोचते आणि अंधारी येते.

दुसऱ्या वेळी माझे हेच झाले. सहावा महिना होता. शाळेच्या पटांगणात परिपाठ चालला होता, ऊन चढले होते, आणि प्रतिज्ञा म्हणता म्हणता आधी मुलांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे लांब वाटू लागले, मग वरच्या ओठावर गार घाम फुटला, आणि समोरच्या रांगेतले पांढरे सदरे एकमेकांत मिसळून गेले. त्या क्षणी मी लाज न बाळगता तिथेच मातीत बसले, आणि मला आजही वाटते की त्या दिवशी मी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच होती. चक्करेने सहसा बाळाला थेट इजा होत नाही. इजा होते ती पडण्याने. कान बंद झाल्यासारखे वाटले, घाम फुटला, जांभया आल्या, मळमळले, की पुढच्या काही क्षणांत खाली बसायचे, मग समोर गिऱ्हाईक असो की सासरे. शक्य असेल तर डाव्या कुशीवर आडवे व्हावे, पाय उशीवर किंवा पिशवीवर किंचित उंच ठेवावेत, आणि बरे वाटले म्हणून लगेच उठू नये. आधी कुशीवरून बसते व्हावे, मिनिटभर थांबावे, मग आधार घेऊन उभे राहावे. सकाळी अंथरुणातून उठतानाही हीच रीत ठेवावी. उभे राहणे टळत नसेल तेव्हा पायांची बोटे आवळणे, टाचा उचलून खाली टेकणे, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेणे, असे चालू ठेवावे. पोटऱ्यांचे स्नायू आवळले गेले की पायांत साचलेले रक्त वर ढकलले जाते.

आता उरलेल्या निम्म्याविषयी, म्हणजे जे ‘होतच असते’ म्हणून सोडून देता येत नाही त्याविषयी.

पहिल्या खेपेला मला उठतानाच नव्हे, तर बसल्या जागीही गरगरायचे. शाळेच्या चार पायऱ्या चढले तरी धाप लागायची, छातीत धडधडायचे, आणि मला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटायची. वर्गात मुले पाटीवर लिहीत असली की तो ओला, भुरा वास नाकात शिरायचा आणि तोंडाला पाणी सुटायचे. मी चोरून तुकडे चघळले. घरी सगळ्यांनी हौसेने म्हटले, डोहाळे आहेत. माती, खडू, पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ही ओढ पुष्कळदा शरीरातले लोह कमी झाल्याची खूण असते, हे मला उपकेंद्रातल्या सिस्टरांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिल्यावर सांगितले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.८ ग्रॅम निघाले. आपल्याकडे गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात आणि ७ च्या खाली तो तीव्र मानतात. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते, परंतु त्यातला पातळ भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन थोडे उतरणे स्वाभाविक आहे. मुळातच लोह कमी असलेल्या बाईचे मात्र ते फारच खाली जाते.

तुमच्या प्रश्नात हिमोग्लोबिनचा आकडा नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. माता-बाल संरक्षण कार्ड काढा आणि शेवटची तपासणी कधीची आहे ते पाहा. एकदोन महिने उलटून गेले असतील, तर उद्याच तपासून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांमध्ये गरोदर मातांची मोफत तपासणी होते. आशाताईंना विचारलेत तर जवळचे ठिकाण कळेल. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या तांबड्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, आणि ती चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायची असते. रक्त कमी असेल तर मात्रा वाढवायची की शिरेतून लोह द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. आपल्या बायकांच्या कपाटात या गोळ्यांची न फोडलेली पाकिटे असतात, कारण मळमळते, पोट घट्ट होते, शौचास काळे होते आणि मग भीती वाटते. काळे होणे हे लोहामुळेच होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळ होत असेल तर गोळी रात्री झोपताना घ्यावी. चहाबरोबर किंवा चहाच्या मागेपुढे तासभर मुळीच घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, कारण दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उलट चांगली लागते. बीट, खजूर, पालेभाज्या, हळीव हे सारे अवश्य खावे, पण एकदा हिमोग्लोबिन घसरले की नुसत्या खाण्याने ते बाळंतपणापर्यंत भरून येत नाही. हे मी स्वतःवर अनुभवले आहे. दोन महिने मी बिटाची कोशिंबीर खात राहिले आणि गोळ्या तशाच राहिल्या.

म्हणून माझी एक विनंती आहे. एक छोटी वही करा आणि चक्कर आली की कधी आली, त्या आधी काय करत होता, शेवटचे कधी खाल्ले होते, एवढे तीन शब्दांत लिहा. मी शाळेच्या दैनंदिनीच्या मागच्या पानावर लिहीत असे. उठतानाच येत असेल तर बहुधा रक्तदाबाचा प्रश्न; जेवणाला उशीर झाल्यावर येत असेल तर पोट रिकामे असण्याचा; उताणे झोपल्यावर येत असेल तर वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो म्हणून; आणि कशाशीच संबंध न लागता दिवसभर येत असेल तर आधी रक्त तपासायचे. निदान डॉक्टरच करतील, परंतु ही वही समोर ठेवली तर त्यांना नेमके प्रश्न विचारता येतात. सोनोग्राफीच्या टेबलावर उताणे पडल्यावर माझा जीव कासावीस झाला, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या कुशीखाली छोटी उशी सरकवली आणि दोन मिनिटांत बरे वाटले. रात्री उताणी जाग आली तर घाबरू नका, कूस बदला, इतकेच.

खाण्याच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही: थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी. पर्समध्ये आपल्याकडचे बेदाणे आणि भाजलेले शेंगदाणे ठेवा, राजगिऱ्याचा लाडू ठेवा. मधुमेह निघाला असेल तर मात्र काय ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा. उन्हाळ्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पाण्याची बाटली डोळ्यांसमोर असू द्या, म्हणजे आठवण राहते. उपासांविषयी मात्र स्पष्ट बोलते. मी संकष्टी करत असे आणि चंद्रोदयापर्यंत काही खात नसे. दुसऱ्या वेळी माझ्या सासूबाईंनीच ती बंद करवली आणि माझ्या वाटची स्वतः धरली. वटपौर्णिमा, हरतालिका, ग्रहण, कोणत्याही निमित्ताने गरोदर बाईने अन्नपाण्यावाचून राहू नये, असे माझे ठाम मत आहे. घरात हे बोलणे जड जात असेल तर डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना बरोबर न्या आणि त्यांच्यासमोरच विचारा.

न्हाणीघराकडेही लक्ष द्या. कढत पाण्याने रक्तवाहिन्या आणखी सैल होतात, म्हणून पाणी कोमटच घ्या, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून अंघोळ करा आणि आतून कडी लावू नका. दार नुसते लोटून घरात कुणाला तरी सांगून ठेवा. चक्कर येत असेपर्यंत स्कूटी चालवू नका. भोवळ आलेल्या बाईच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावण्याची आणि तोंडात पाणी ओतण्याची आपल्याकडची सवय घरच्यांना आजच सोडायला सांगा, कारण शुद्ध नसताना पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर वळवणे, कपडे सैल करणे, गर्दी हटवणे एवढे पुरे.

काही लक्षणांत मात्र वही लिहीत बसू नये. चक्करेबरोबर अंगावरून रक्त जात असेल, पोटात जोराने दुखत असेल, छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधुक होत असेल, चेहरा-हात एकाएकी सुजले असतील, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, पाण्याचा घोटही पोटात राहत नसेल, किंवा पूर्ण शुद्ध हरपली असेल, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. पडताना पोटाला मार लागला असेल तर दुखत नसले तरी दाखवून यावे. आणि तुमच्या ओळखीत कुणाला नुकतेच दिवस गेले असतील, तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत भोवळ आणि ओटीपोटात एका बाजूला कळ, ही जोडी गर्भ नळीत राहिल्याची असू शकते, हे तिलाही सांगून ठेवा. त्यात उशीर जिवावर बेततो.

राहिला कामाचा प्रश्न. हिमोग्लोबिन आणि बीपी ठीक निघाले, तर केवळ उभे राहिल्याने येणाऱ्या चक्करेसाठी नोकरी सोडावी लागेल असे मला वाटत नाही. आधी मालकांकडे एक उंच स्टूल मागा, तासाभराने पाच मिनिटे बसण्याची मुभा मागा, वरच्या फळीवरचे तागे काढण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगा. तोंडी मागणे अवघड वाटत असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडून दोन ओळींचे पत्र घ्या. मी तसे पत्र नेऊन दिले तेव्हा आमच्या मुख्याध्यापिकांनी ते वाचूनही पुरे केले नाही. स्वतःच्या खोलीतली हाताची खुर्ची उचलून त्यांनी माझ्या वर्गात आणून ठेवली. परिपाठालाही मी पुढे त्याच खुर्चीत बसत असे.