बंड नव्हे, बांध. आणि खरी गंमत सांडव्यात

ठाण्याहून विचारणा आहे: गावात पूर शिरू नये म्हणून ओढ्यावर मातीचा लहानसा भराव घालतात, त्याला बंड म्हणावे, बंधारा की धरण?

बंड मुळीच नको. बंड 1857 साली झाले. इंग्रजांनी इथलाच 'बंद' उचलून त्याचा बंड केला आणि कंत्राटाच्या कागदांतून तो 'ड' घेऊन आपल्याकडे परतला. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी 'बंड फुटला' म्हणणाऱ्यांना आगऱ्यांचा बांध आणि त्याची उघाडी (भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी झडप) ठाऊकच नसावी. बांध फारसीतून आला हेही चूक. फारसी बंद आणि संस्कृत बन्ध ही भावंडे, बापलेक नव्हेत.

धरण म्हणजे धरून ठेवणारे. हा भराव पाणी धरत नाही, फक्त उशीर करतो. तळाशी बिनझडपेचा पाइप असतो. पूर आला की येणारे पाणी जास्त, जाणारे कमी. उरलेले तुंबते आणि सावकाश ओसरते. बंधारा बहुधा दगडी किंवा काँक्रीटचा, त्याच्या डोक्यावरून पाणी गेले तरी चालते. मातीच्या माथ्यावरून गेले की उताराची माती धुपते, घळ पडते, बांध संपला! म्हणून 'मातीचा बंधारा ओव्हरफ्लो, गावात आनंद' छापणाऱ्यांची कमाल वाटते.

पाणी जायचे ते सांडव्यातून, म्हणजे जादा पाण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या वाटेतून. सांडणे हे संस्कृत छर्द्, म्हणजे ओकणे, यावरून. प्राकृतात छड्ड, छंड. 'छ'चा 'स' मराठीला नवा नाही: मच्छचा मासा, छुरिकेची सुरी. अनुस्वार कुठून आला, असे विचारून ही व्युत्पत्ती नाकारणाऱ्यांनी वक्रचे वंक आणि अश्रूचे अंसु पाहावे. तर सांडवा म्हणजे बांधाची ओकारी! पोटात मावत नाही ते बाहेर टाकले नाही, तर पोट फुटते.

म्हणूनच सांडवा भरावात नव्हे, बाजूच्या मूळ कठीण मुरमात कापतात आणि त्याची पातळी माथ्याच्या साधारण मीटरभर खाली ठेवतात. भराव 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी, ओलावा राखून दाबायचा. पाइपाभोवती तर हाताने ठोकून, नाहीतर पाणी पाइपाच्या कडेने पोखरत जाते. रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण 2019 साली फुटले तेव्हा खापर खेकड्यांवर फुटले होते. सांडव्यात झुडपे वाढू देणारी माणसे मात्र कुणाला दिसत नाहीत.