म्हादईचे पात्र पणजीला एवढे रुंद कसे?

प्रश्न : गोमुखाच्या वाटेवर भोजबासाजवळ भागीरथीची दरी पाहिली. तिचा तळ सपाट आणि बाजू उभ्या आहेत. आमच्या सत्तरी तालुक्यात म्हादई अरुंद दरीतून वाहते, पण पणजीला तीच नदी मांडवी म्हणून खाडीसारखी पसरते. गोव्यातही पूर्वी हिमनदी होती काय?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : गेल्या हिमयुगात गोव्यात हिमनदी नव्हती. सुमारे १५ अंश अक्षांशावर, १,२०० मीटरही उंची न गाठणाऱ्या डोंगरांवर बर्फ साचून राहणे शक्य नव्हते. तरीही आपण विचारलेल्या रुंदीमागे बर्फच आहे, आणि हा दुवा मला फार मोलाचा वाटतो.

प्रथम दऱ्यांचा फरक पाहू. नदी केवळ आपल्या पात्राचा तळ कापते आणि दोन्ही उतार पावसाने ढासळत राहतात, म्हणून सत्तरीतील दरी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दिसते. हिमनदी मात्र दरी भरून सरकते आणि बुडाशी गोठलेल्या दगडांनी तळ व बाजू एकदमच घासते, त्यामुळे दरीला ‘यू’ अक्षराचा आकार येतो. तिने टाकलेल्या हिमोढात, म्हणजे तिने वाहून आणलेल्या ढिगाऱ्यात, प्रचंड शिळा आणि पिठासारखी माती एकत्रच सापडतात. नदी तसे करीत नाही. ती गोटे घोळून गुळगुळीत करते आणि वेग मंदावेल तसे आधी जड दगड, मग वाळू, शेवटी गाळ खाली टाकते. (आपले सपाट सडे, म्हणजे खडकाळ पठारे, पाहूनही बर्फाची शंका घेऊ नये, त्यांवरील जांभा उष्ण, दमट हवेत खडक दीर्घकाळ कुजून तयार झाला आहे.)

आता पणजीकडे वळू. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जगाचे इतके पाणी हिमस्तरांत अडकले होते, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा पश्चिमेस दूर सरकला होता आणि मांडवी व जुवारी या नद्यांनी त्या खालच्या पातळीकडे वाहताना आपल्या दऱ्या खोल कापल्या. पुढे बर्फ वितळला, समुद्र वर चढला आणि त्या दऱ्यांच्या खालच्या भागांत शिरला. पणजीला दिसणारे विस्तीर्ण पात्र म्हणजे अशी बुडालेली दरी होय. म्हणूनच भरतीचा परिणाम आत गांजे गावापर्यंत जाणवतो, आणि या खाऱ्या पाण्याच्या काठी साचलेल्या गाळावरच बांध व मानस (भरतीचे पाणी अडवणारी दारे) घालून आपल्या पूर्वजांनी खाजन शेती उभी केली.