धारावीत घरोघरी उत्पन्नाचा सर्व्हे करायचाय, पण लोक खरे आकडे सांगत नाहीत. कसं विचारावं?

‘महिन्याला किती कमावता?’ हा प्रश्नच काढून टाका. नगावर शिलाई करणाऱ्या बाईला महिन्याचा पगार नसतोच. गेल्या आठवड्यात किती डझन झाले, डझनाला काय भाव, दोरा कुणाचा, वीजबिल कोण भरतं, हे विचारा. गुणाकार तुम्ही करा.

भाड्यासोबत डिपॉझिटही विचारा. ‘हेवी डिपॉझिट’वर, म्हणजे भाड्याऐवजी एकरकमी मोठी ठेव देऊन राहणाऱ्याचं भाडं शून्य दिसतं आणि सगळा हिशेब फसतो. पोटमाळ्यावरचं कुटुंब वेगळं नोंदवा. खालचे बऱ्याचदा त्यांना ‘पाहुणे’ म्हणतात.

खोलीचं माप शेवटी घ्या. इथे पुनर्विकासात मोफत घराची पात्रता १ जानेवारी २००० पूर्वीच्या पुराव्यावर ठरते, त्यामुळे टेप बाहेर आली की हा त्याचाच सर्व्हे वाटून माणसं गप्प होतात. आणि नळाला पाणी आलेलं असताना तर कुणाचं दार वाजवूच नका.