वेगासला पहिल्यांदा जाताय?

कॅसिनो येता-जाता दिसतीलच, त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवू नका. एक सकाळ रेड रॉक कॅनियनला द्या. स्ट्रिपपासून (मोठ्या कॅसिनो-हॉटेलांचा मुख्य रस्ता) गाडीने पाऊण तासाच्या आत, लालभडक खडकांमधून जवळजवळ २१ किलोमीटरचा एकेरी रस्ता. ऑक्टोबर ते मे वेळेचं आरक्षण आधीच करा. आम्ही आळस केला आणि गेटवरून परत फिरलो. संध्याकाळी निऑन म्युझियम: जुन्या हॉटेलांच्या गंजक्या पाट्या उघड्यावर मांडल्यात, काही अजून पेटतात. पिनबॉल हॉल ऑफ फेममध्ये नाणी टाकून जुन्या पिनबॉल यंत्रांवर खेळता येतं, तिथे जाताना सुटी नाणी हवीत.

नवखे हमखास दोन चुका करतात:
- ‘समोरच तर आहे हॉटेल’ म्हणत चालत निघतात. अर्धा तास जातो, पाय दुखतात ते वेगळंच.
- जुलैत चाळीशीपारच्या उन्हात भर दुपारी डोंगर चढायला जातात.

हूवर धरण पुढच्या खेपेला.