टेबलाखाली की जिन्याकडे?

प्रश्न: आमच्या सोसायटीत भूकंपाचं ड्रिल ठेवायचं चाललंय, पण अर्धे म्हणतात धावत खाली यायचं, अर्धे म्हणतात दाराच्या चौकटीत उभं राहायचं. नक्की काय करायचं ताई?

उत्तर: दोन्ही नको! हादरे चालू असताना माणूस धावतो, जिन्यात पडतो, नाहीतर वरून काहीतरी डोक्यात येतं, आणि आजकालच्या घरांत चौकट काही भिंतीपेक्षा मजबूत नसते. खाली बसा, दणकट टेबलाखाली शिरा, डोकं-मान झाका आणि टेबलाचा पाय घट्ट धरा, कारण टेबलपण सरकतं (हे कोणी सांगतच नाही). पलंगावर असाल तर तिथेच डोक्यावर उशी घ्या. कच्च्या घरात अगदी दाराशी असाल तर मात्र पटकन बाहेर पडलेलं बरं.

जपानमध्ये दरवर्षी १ सप्टेंबरला असे ड्रिल होतात, १९२३ च्या कांतो भूकंपाची आठवण म्हणून. तो झाला ऐन दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी, चुली पेटलेल्या, आणि आगींनीच जास्त माणसं गेली. म्हणून हादरे थांबले की गॅस बंद करायचा, लिफ्टकडे बघायचंसुद्धा नाही, आणि मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना कोण खाली आणणार हे ड्रिलमध्येच नावानिशी ठरवा, नुसतं शिट्टी वाजवून फोटो काढू नका.

बाकी कपाटं भिंतीला स्क्रूने ठोका, माणशी रोजचं ४ लिटर पाणी निदान ३ दिवसांचं, टॉर्च, औषधं, आणि पलंगाशी चपला ठेवा, काचा फुटलेल्या असतात हो.